तिसऱ्या मजल्यावरचा पाहुणा

पावणेसात वाजता चष्मेवाले बाल्कनीतल्या फरशीवर पालथे पडले होते. डावा गाल वॉशिंग मशीनला टेकलेला, उजवा डोळा कॅमेऱ्याला, आणि श्वास असा रोखलेला की कोणी पाहिलं असतं तर आधी नाकाशी सूत धरलं असतं. चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काचा घासल्यावर त्यांची एका गोष्टीबद्दल खात्री पटली होती. जगात बघण्यासारखं जे काही आहे ते चार बोटांच्या अंतरावर असतं, लोक उगाच डोंगर नि समुद्र करत हिंडतात. म्हणून त्यांनी जुन्या कॅमेऱ्याच्या तोंडावर दुकानातलंच एक जाडजूड भिंग बसवलं होतं आणि गेली सहा वर्षं ते घरातल्या घरात निसर्ग टिपत होते. मुंगीच्या मिशा, कोळ्याचे गुडघे, डासाचं टम्म पोट. आतलं रक्त स्वतःचंच, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता.

आज मशीनच्या मागे, मोडक्या कुंडीत खोचलेल्या लिंबाच्या फांदीवर एक कोश चिकटलेला होता. नऊ दिवस हिरवा असलेला तो कोश पहाटे काळपट दिसायला लागला होता, आणि आत पंखांवरची नक्षी उमटली होती. म्हणजे आज नक्की! कोश फुटून फुलपाखरू बाहेर येतं, तो क्षण चष्मेवाल्यांना हवा होता. याआधी दोनदा हुकला होता. एकदा ऐन वेळी शिंक आली, एकदा बॅटरीने मान टाकली. अर्ध्या-पाऊण मिनिटाचा मामला, पापणी लवली की संपलं. आता तिसऱ्यांदा हुकलं तर कॅमेरा भंगारात देऊन बुद्धिबळ शिकायचं, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. दुकानातून रजासुद्धा काढली होती. "घरात एक जन्म व्हायचाय," असं त्यांनी मालकांना सांगितलं, तेव्हा मालक त्यांच्या पिकलेल्या मिशांकडे बघतच राहिले होते.

या सगळ्यात गोम एकच. बायकोला यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. बाल्कनीच्या कठड्याशी कुंडीत लावलेलं लिंबाचं झाड तिचं, चार वर्षांत त्याला मोजून तीन लिंबं धरलेली, त्यामुळे अळी दिसली की ती थेट कचऱ्यात. ही शेवटची अळी तिने बघितली तेव्हा "टाका आधी ती बाहेर," असा हुकूम सुटला होता. "टाकली," असं म्हणून चष्मेवाल्यांनी ती मशीनच्या मागे नेऊन ठेवली आणि रोज पहाटे तिच्यासाठी झाडाची कोवळी पानं चोरली. आळ कबुतरांवर गेला.

बायको दूध आणायला बाहेर पडली तसा चष्मेवाल्यांना राहवेना. आनंद कोणाला तरी सांगितल्याशिवाय पचत नाही. बायको पार्किंगच्या भांडणात तणतणत इमारतीच्या ग्रुपमधून बाहेर पडली होती, त्यामुळे तिथे तिला कळायची भीती नव्हती. त्यांनी अळीचा दहा दिवसांपूर्वी काढलेला सगळ्यात झकास फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या बाल्कनीत काही दिवस मुक्कामाला असलेला पाहुणा. आज सकाळी बाहेर येतोय. सर्वांनी तयार राहावे. तिसरा मजला.' मग फोनचा आवाज बंद केला, तो मोज्यांच्या खणात टाकला आणि ते पुन्हा पालथे झाले.

पहिल्या मजल्यावर सेक्रेटरींनी चहाचा पहिला घोट घेता घेता तो फोटो उघडला आणि चहा सदऱ्यावर सांडला. पडदाभर एक हिरवंगार डोकं. दोन वटारलेले डोळे. आणि डोक्यातून बाहेर आलेली, टोकाला दुभंगलेली, लालभडक जीभ.

आता खरं सांगायचं तर ती अळी करंगळीएवढी. डोळे म्हणजे तिच्या पाठीवरचे ठिपके, आणि जीभ म्हणजे घाबरल्यावर ती डोक्यामागून काढते ती शिंगं. पक्ष्यांना साप वाटावा म्हणून निसर्गाने केलेली सोय. पक्षी फसतात की नाही कोण जाणे, सेक्रेटरी मात्र साफ फसले. आणि चष्मेवाल्यांचं चुकलं ते एवढंच. सहा वर्षं भिंगातून बघून बघून ते विसरूनच गेले होते, की बाकीची दुनिया करंगळीच्या मापाने विचार करत नाही. शेजारी एखादी काडेपेटी तरी ठेवायची!

ग्रुपवर हाहाकार उडाला.

'साप!!!'

'केवढा असेल हो?'

'डोक्यामागच्या पानावरून हिशेब करा,' दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियरांनी लिहिलं. 'पान केळीचं दिसतंय. म्हणजे डोकं माझ्या बुटाएवढं. अंग बारा फूट, कमीत कमी.'

'तरीच!' चष्मेवाल्यांच्या बरोबर खाली राहणाऱ्या काकूंनी लिहिलं. 'आठवडाभर वरून फुस्स फुस्स ऐकू येतंय. मला वाटलं यांचा कुकर.'

'आणि इतके दिवस पाळलाय? लाज नाही वाटत?'

'बाहेर येतोय म्हणतात, तयार राहा म्हणतात. ही सरळ सरळ धमकी आहे,' सेक्रेटरींनी निकाल दिला आणि चष्मेवाल्यांना एकोणीस वेळा फोन लावला. मोजे थरथरत राहिले.

दहा मिनिटांत सगळी इमारत अंगणात होती. एक गृहस्थ अर्ध्या गालाला साबण लावून आले होते. काकूंनी भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं होतं, का ते त्यांनाही सांगता येईना. इंजिनियर हेल्मेट घालून, लॅपटॉप छातीशी धरून धावत उतरले आणि सासूबाईंना आणायला परत वर गेले. सेक्रेटरींनी एका सर्पमित्राला गाठलं होतं. तो गाडीवर होता. "पंचवीस मिनिटांत पोचतो. फोटो पाठवून ठेवा, आल्यावर बघतो. आणि मी येईपर्यंत कोणी आत जायचं नाही," एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

तेवढ्यात चष्मेवाल्यांची बायको दुधाची पिशवी घेऊन फाटकातून आत आली.

"वहिनी, वर जाऊ नका!" सेक्रेटरी आडवे आले.

"का? पाणी गेलं का परत?"

"अहो, तुमच्या ह्यांनी साप पाळलाय."

बायको खो खो हसली. "ह्यांनी? झुरळ दिसलं की मला झोपेतून उठवतात ते!"

सेक्रेटरींनी फोन तिच्यासमोर धरला. ती मटकन पायरीवर बसली. ही बाई सापाला इतकी घाबरायची की पेपरात सापाचं चित्र आलं तर ते पान पालथं करून मग बातमी वाचायची.  आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली.

"पंधरा दिवस मशीन लावू देत नाहीयेत," ती पुटपुटली. "धक्के बसतात म्हणे. कोणाला, ते सांगत नव्हते. आणि मागे एकदा झोपेत ओरडले, 'कात टाकली! कात टाकली!' मी कूस बदलून झोपले हो!"

"अरे देवा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळ घट्ट धरलं.

"पण हे कुठे आहेत?" बायको एकदम उठली.

 सगळ्यांनी वर, तिसऱ्या मजल्याकडे बघितलं.

"म्हणजे तुम्ही सगळे खाली आलात, आणि ह्यांना वर ठेवलंत?"

"फोन उचलत नाहीत ते," सेक्रेटरी चाचरत म्हणाले. "आणि सर्पमित्राने सांगितलंय, की कोणीही..."

"पिशवी धरा," बायको म्हणाली. दूध सेक्रेटरींच्या हातात गेलं. इंजिनियरांच्या डोक्यावरचं हेल्मेट तिने उपटलं आणि स्वतःच्या डोक्यात घातलं, जिन्याखालचा फरशी पुसायचा दांडा उचलला आणि ती चढायला लागली. दांडा कठड्यावर टकटक आपटत होता, पण बाई थांबली नाही. इमारत तिच्या मागोमाग निघाली, फक्त एक मजला अंतर ठेवून.

तिने किल्लीने दार उघडलं. घरात चिडीचूप. बैठकीच्या खोलीतून बाल्कनीचं दार दिसत होतं, आणि दारात दोन पाय. तळवे वर, अंगठे जमिनीला, हालचाल शून्य.

"काय दिसतंय, वहिनी?" खालच्या मजल्यावरून सेक्रेटरींनी विचारलं.

"पाय," ती म्हणाली.

"सापाचे?"

"सापाला पाय असतात का हो!"

जिन्यात एकच हुंदका उमटला. काकूंचा. "गेले गं बाई! चांगला माणूस होता. माझ्या चष्म्याची काडी फुकट बसवून दिली होती."

एवढ्यात मशीनच्या मागून अगदी दबक्या, लाडिक आवाजात शब्द आले, "शूऽऽ... कोण आहे ते? हलू नका. डोकं बाहेर येतंय."

 माणूस जिवंत आहे, याचा आनंदसुद्धा तिला धड करता येईना.

"अहो, मागे सरका!"

"मागे काय? अजून थोडं पुढे जातो. काय सुंदर आहे गं! ये, ये बाळा, ये..."

सापाची भूल पडली, एवढंच बायकोला कळलं. तिने डोळे जवळजवळ मिटले, देवाचं नाव घेतलं आणि बाल्कनीत उडी मारली. दांडा मशीनवर आदळून ढाण्णकन आवाज झाला. एका हाताने तिने नवऱ्याची कॉलर धरली आणि त्याला कॅमेऱ्यासकट गर्रकन फिरवलं. तिचा चेहरा भिंगापासून चार बोटांवर.

"उठा! आधी बाहेर व्हा तुम्ही! मी बघते त्याच्याकडे!" ती किंचाळली.

दचकून चष्मेवाल्यांचं बोट दाबलं गेलं. कॅमेरा एकदाच लखकन चमकला.

आणि त्यांच्या पाठीमागे, कोणीही बघत नसताना, फुलपाखरू कोशातून बाहेर आलं.

चष्मेवाल्यांनी वळून बघितलं तेव्हा रिकाम्या कोशाला धरून ते लोंबकळत होतं, ओलं, चुरगळलेलं, पंख अजून रुमालासारखे दुमडलेले. चष्मेवाले फरशीवर बसले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"हुकलं," ते म्हणाले. "नऊ दिवस! तिसऱ्यांदा हुकलं गं! काय हे, असं कोणी ओरडतं का?"

"साप कुठाय?" बायकोचा दांडा अजून वरच होता.

"कसला साप?"

"बारा फुटी! हिरवा!"

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे आत्ता कुठे नीट बघितलं. कानांपर्यंत उतरलेलं हेल्मेट, उगारलेला दांडा, पांढराफटक चेहरा. 

"साप आहे असं समजून तू आत आलीस?"

"मग काय खाली उभी राहून बघत बसू?"

 चष्मेवाले म्हणजे बावीस वर्षं लोकांच्या नजरेसाठी काचा घासणारा माणूस, पण घरात एवढं काही आहे हे त्यांच्या नजरेस आजवर पडलंच नव्हतं.

सर्पमित्र पोचला, त्याने जिन्यातच फोटो उघडला आणि तो कपाळावर हात मारून घेत वर आला. "अहो, अळी आहे ही लिंबावरची! एवढीशी!" त्याने करंगळी दाखवली. "पान केळीचं नाही, लिंबाचं आहे."  इंजिनियरांनी लॅपटॉप या काखेतून त्या काखेत घेतला. सेक्रेटरींच्या हातातली दुधाची पिशवी एव्हाना गळायला लागली होती. ती कठड्यावर ठेवून ते नोटीस लिहायला गेले, की यापुढे किड्यांचे फोटो टाकताना शेजारी पट्टी ठेवणे सक्तीचे आहे.

लोक पांगले. नवरा-बायको बाल्कनीत फरशीवरच बसून राहिले. 'टाकली' म्हणून सांगितलेल्या अळीचा जाब आता द्यावा लागणार, म्हणून चष्मेवाले मान खाली घालून होते. पण बायको फुलपाखराकडे बघत होती. पंख हळूहळू उलगडत होते, काळ्यावर पिवळे ठिपके. अर्ध्या तासाने ते उडालं, लिंबाच्या झाडाला एक फेरी मारून दिसेनासं झालं.

"हे त्या अळीतून?" तिने विचारलं.

"हो."

"आणि मी कितीतरी कचऱ्यात टाकल्या."  मग तिने कॅमेरा ओढून घेतला. "बघू, एखादा तरी फोटो आलाय का."

फोटो एकच होता. पडदाभर एक प्रचंड डोळा. ताणलेल्या पापण्या, लाल शिरांचं जाळं, मधोमध काळंभोर गोल बुबुळ, आणि खालच्या कडेला काचेसारखा चमकणारा पाण्याचा थेंब. कडा न कडा स्पष्ट. सहा वर्षांत इतका नितळ फोटो चष्मेवाल्यांना जमला नव्हता.

"अगंबाई!" बायको दचकून मागे सरकली. मग पुन्हा वाकून बघायला लागली. "हा कुठला हो प्राणी?"

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने खरंच ओळखलं नव्हतं.

"इथलाच आहे," ते म्हणाले. "घरातच असतो."

"किती घाबरलाय बिचारा! पण पळाला नाही वाटतं?"

"नाही. उलट अंगावर आला."

"चावतो?"

"क्वचित."

"सुंदर आलाय पण," बायको म्हणाली. "टाका की हा ग्रुपवर. बघू दे सगळ्यांना."

चष्मेवाल्यांनी कॅमेरा तिच्या हातातून घेतला, बंद केला आणि कुशीत धरला. तो फोटो त्यांनी कोणालाच पाठवला नाही.