इतवारीभाऊंची नजर

सावली तालुक्यातल्या एका गावात नामसप्ताहाच्या काल्याला किती पानं पडतील, हे सांगायचा मान बारा वर्षं इतवारीभाऊंचा होता. आदल्या संध्याकाळी हरिपाठ संपला की लोक वस्तीवस्तीची माणसं सांगायचे, इतवारीभाऊ क्षणभर थबकायचे आणि एकूण आकडा बोलायचे. तेवढाच भात शिजायचा. अख्खं गाव जेवून उठलं तरी भाताच्या गंजात एक शीतही वाया जायचं नाही. माउलीची कृपा, दुसरं काय!

त्या वर्षी काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी नागपूरच्या विद्यापीठातल्या मोहरील मॅडमनी मारुतीच्या सभामंडपात एक यंत्र मांडलं. हनुवटी टेकवायला लाकडी टेकू, डोळ्यांसमोर बारीकसा दिवा आणि शेजारी कागदाच्या गुंडाळीवर आपोआप रेघ ओढणारं पेन.

"माणूस मनात बेरीज करतो तेव्हा त्याची नजर सरकते," मॅडम म्हणाल्या. "कुठे सरकते, ते हे पेन दाखवतं. तोंडी हिशेबात तुमच्याकडे सगळ्यात पक्का कोण?"

"इतवारीभाऊ!" मंडपाने गजर केला.

इतवारीभाऊंनी खुर्चीत बसून टेकूवर हनुवटी टेकवली. आपली नजर कुठे सरकते, हे त्यांना यंत्रावाचून ठाऊक होतं. ती जायची डावीकडच्या खांबाशी. तिथे त्यांची बायको बायनाबाई पळसाच्या पत्रावळी टाचत बसायच्या. आकडे ऐकले की त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायचा. डाव्या हातावर दशक, उजव्या हातावर एकक. शेकडे असले तर मान तेवढ्यांदा हलायची. यात लबाडी आहे असं इतवारीभाऊंना कधी वाटलं नव्हतं. बारा वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं!

"अडतीस आणि सत्तेचाळीस?"

"पंच्याऐंशी!"

पेन डावीकडे धावलं. दहा बेरजा झाल्या, दहाही बरोबर, दहाही वेळा पेन डावीकडे.

"यांचे सगळे आकडे डावीकडेच राहतात!" मॅडम हरखल्या. "आता खुर्ची उलटी फिरवू."

खुर्ची फिरली. बायनाबाई पत्रावळींसकट जराशा पुढे सरकल्या. पेन उजवीकडे धावलं.

"आकड्यांनी घर बदललं?" मॅडम चक्रावल्या. "गर्दीचा परिणाम असेल. सगळे बाहेर व्हा बरं."

सगळ्यांबरोबर बायनाबाईही बाहेर गेल्या.

"सत्तावन्न आणि छत्तीस?"

इतवारीभाऊंनी रिकाम्या खांबाकडे पाहिलं. छताकडे पाहिलं. पेन हरवलेल्या वासरासारखं कागदभर हिंडलं.

"सत्तावन तं... हायेतच," ते म्हणाले.

पानं सांगायच्या मानावर कैक वर्षं डोळा ठेवून असलेला पोचू दारातूनच ओरडला, "काऊन भाऊ, कुठी अडलं? संध्याकाळची पानं मीच सांगू काय?"

मॅडमना दया आली. "यंत्रच बिघडलं असेल. मी तसं लिहिते."

सुटका समोर उभी होती. पण तिच्याही पलीकडे मारुतीराय होते, डोळे वटारून. इतवारीभाऊंनी टेकूवरून हनुवटी उचलली.

"नाई मॅडम, मशीन खरी आहे. बेरीज माह्या डोक्यात नाई होत, माह्या बायकोच्या बोटावर होते. बारा वर्सं मी नुस्ता पाहून सांगून राह्यलो." मग त्यांनी हाक दिली, "बायना, ये इथी. बस."

"मी? खुर्चीवर? अवो, पदर अडकन ना मशीनमंदी!"

"पदर मी धरतो. तू बेरीज कर."

बायनाबाईंमागोमाग सगळे पुन्हा मंडपात शिरले. मॅडमची बेरीज सांगून संपण्याआधी बायनाबाईंचं उत्तर यायचं. पोचूला राहवेना. "दोनशे चौऱ्याहत्तर, एकशे नव्व्याण्णव आन् सदुसष्ट!"

"पाचशे चाळीस," बायनाबाई म्हणाल्या. "आन् पोचूभाऊ, तुमी आरामात कागदावर करून पाहा. मी बसली आहे."

कागदावर बारीक, सारख्या उड्यांची रेघ उमटली होती; एकेका पेरावरून पुढे गेल्यासारखी. "मी किती माणसं तपासली," मॅडम हळूच म्हणाल्या, "पण इतकी नेटकी रेघ नाही पाहिली."

"माही बायको आहे," पदर धरलेल्या इतवारीभाऊंनी मंडपाला सांगितलं, जणू कोणाला ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी हरिपाठ संपला. वीणेकऱ्याशेजारी बायनाबाई उभ्या राहिल्या. कीर्तनकार बुवांनी स्वतः सरकून जागा दिली. लोकांनी वस्त्या सांगितल्या, आणि त्या खणखणीत बोलल्या, "सहाशे बारा पानं!" टाळ कडाडले.

पोचूने कोपराने ढोसलं, "मंग भाऊ, आता तुमचं काम काय उरलं?"

इतवारीभाऊंची नजर बायकोवरून हलली नाही. "तेच की बाप्पा, जे बारा वर्सं केलो. पाहून राह्यलो."