तिसऱ्या गिअरची संमती

तालुक्याच्या एका कार्यालयातल्या साहेबांच्या गाडीला अठ्ठावीस मार्च रोजी, जेवणाच्या सुट्टीनंतर, एक डबी बसवण्यात आली. डबी साबणाच्या वडीएवढी होती आणि तिच्यावर निळा दिवा होता. गाडी धडधाकट होती, डबीची मागणी गाडीने किंवा गाडीतल्या कुणीही केलेली नव्हती. पण 'गतिमान प्रशासन' अशा मथळ्याचं परिपत्रक आलं होतं, आणि गतिमानतेसाठी काय केलं ते महिनाअखेरच्या आत कळवायचं होतं. कार्यालयात जिची गती मोजता येईल अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे ही गाडी.

ती नागसेन वानखडे चालवायचा. नोकरीला चोवीस वर्षं झाली होती, दोन उरली होती. मोताळ्याच्या टपरीवर चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास डॅशबोर्डवर ठेवायचा आणि राजूरचा घाट चढून बुलढाण्यात पोचेपर्यंत त्यातला थेंब सांडू द्यायचा नाही, हा त्याचा लौकिक होता. चहा गार व्हायचा, पण नव्या आलेल्या प्रत्येक साहेबाला तो हा प्रयोग एकदा दाखवायचाच. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, ही शेवटची तर ऑटोमॅटिक आली. डाव्या पायाला काम उरलं नाही याचं त्याला जरा वाईट वाटलं, पण ग्लास काही डचमळला नाही. माणसाची अब्रू कुठे कुठे असते. नागसेनची त्या ग्लासात होती.

साहेबांची अब्रू एका फाइलीत अडकली होती. सावळदऱ्याच्या शाळेत अकरा मुलं होती. अकरा मुलांची शाळा चालवणं गतिमान दिसत नाही, म्हणून ती नाल्यापलीकडच्या, सहा किलोमीटरवरच्या शाळेत 'समायोजित' करायची होती. त्यासाठी गावाची संमती लागत होती, आणि ती आजवर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाला विचारायची रीत होती. अध्यक्ष होती सुवर्णा, नागसेनची सख्खी धाकटी बहीण. तिची मुलगी समता याच शाळेत दुसरीत होती. दोन वर्षं सुवर्णा प्रत्येक बैठकीला येत होती, चहा पीत होती, 'नाही' म्हणत होती आणि बसने परत जात होती.

तर डबी बसली. ती बसवली गाड्या सजवायचं दुकान चालवणाऱ्या संघर्ष नावाच्या पोराने.

"भाऊ," तो नागसेनला म्हणाला, "हे डबी इंजिनाच्या कानात सांगते का आनखी जोर लाव. आता पाहा गाडी कशी पळून राह्यली."

गाडी पळाली. पण दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना तिने असा हिसका दिला, की साहेबांची हनुवटी छातीला लागून परत आली आणि चष्मा मांडीवर पडला.

"नागसेन, हे काय?"

"साहेब, गिअर म्या नाही टाकला. तो गाडीच टाकते."

दुसऱ्या दिवशी नागसेनला कारणे दाखवा नोटीस मिळाली. 'आपण गिअर बदलताना धक्का का देता?' त्याने लेखी खुलासा दिला, की गाडी स्वयंचलित असल्याने गिअर मी बदलत नाही. त्यावर विचारणा आली, की मग गाडी आल्यापासून आपण गाडीत नेमकं काय करता?

नागसेन गाडी घेऊन संघर्षकडे गेला. संघर्षने बॉनेट उघडलं, निळ्या दिव्याकडे मायेने पाहिलं आणि समजावलं, की इंजिनाचा जोर वाढला, पण गिअर सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला ते माहीत नाही. तो जुन्याच हिशोबाने गिअर टाकतो, म्हणून झटका बसतो.

"म्हणजे इंजिनाले हुकूम भेटला, आन् गिअरले त्याची प्रतच नाही गेली?"

"हाव! बराबर समजले तुम्ही."

"आमच्या हापिसात बी असंच होते. मंग काय करा लागते?"

"गिअरले बी एक डबी लावा लागते."

दुसरी डबी लागली. तिचा दिवा लाल होता आणि ती दुसऱ्याच कंपनीची होती. आता गाडी गिअर चढतानाही हिसके देऊ लागली आणि उतरतानाही. संघर्ष म्हणाला, "ते शिकून राह्यली भाऊ. पाच हजार किलोमीटर होऊ द्या, शिकून जाईन."

नागसेनला इलाज ठाऊक होता. दोन्ही डब्या दोन-दोन खटक्यांवर बसवल्या होत्या. काढून टाकल्या की झालं. दहा मिनिटांचं काम होतं. तो रीतसर परवानगी मागायला पुष्पाबाईंकडे गेला. कार्यालयातली प्रत्येक खुर्ची, पंखा आणि टाचणीचा डबा ज्या वहीत लिहितात ती जडसंग्रह वही पुष्पाबाईंकडे होती. बैठकांची इतिवृत्तंही त्याच लिहायच्या.

"काढता येत नाही," पुष्पाबाई मान वर न करता म्हणाल्या. "वहीवर चढल्या. दहा वर्षं आयुष्य आहे त्याइचं."

"अहो बाई, पन मानीचे मणके चालले ना!"

"मणके माह्या वहीत नाहीत."

तरीही तक्रार लेखी होती, त्यामुळे तीन सदस्यांची तपासणी समिती नेमली गेली. समिती मागच्या सीटवर दाटीवाटीने बसली, पुष्पाबाई सर्वांत मागे वही घेऊन बसल्या. नागसेनने गाडी मोठ्या रस्त्याला लावली. चाळीसचा वेग आला तेव्हा पुढे बसलेल्या साहेबांनी सहज विचारलं, "वाहन समाधानकारक आहे, असं समजायचं का?"

गाडीने तिसरा गिअर घेतला. तिन्ही सदस्यांच्या माना एकदम खाली गेल्या आणि वर आल्या.

पुष्पाबाईंनी लिहिलं, 'सर्व सदस्यांनी मान डोलावून संमती दर्शवली. वेळ अकरा वाजून वीस मिनिटं.'

एक सदस्य मान चोळत काही बोलायला गेला, पण ठराव झाला होता. साहेब पुढचे दोन किलोमीटर आरशातून त्या तिघांच्या माना पाहत होते. माणसाला आयुष्यात एकदाच सुचतं, तसं काहीतरी त्यांना सुचत होतं.

पंधरा दिवसांत 'फिरती जनसुनावणी' सुरू झाली. कशालाही हरकत असलेल्या माणसाला सन्मानाने गाडीत बसवायचं, मोठ्या रस्त्याला न्यायचं आणि चाळीसच्या वेगाला प्रश्न विचारायचा, अशी सुटसुटीत पद्धत होती. बांधावरून अकरा वर्षं भांडणारे दोन चुलतभाऊ एका सीटवर बसले आणि दोघांनी एकाच क्षणी मान डोलावली. पाण्याच्या टाकीची जागा, स्मशानाचा रस्ता, बाजाराचा वार, सगळं मिटलं. कुणाला 'नाही' म्हणायचं असेल तर त्यासाठी मान आडवी हलावी लागते, आणि डब्यांमध्ये आडव्या मानेची सोय नव्हती. एक किसनराव म्हणून गृहस्थ गळ्याला पट्टा बांधून आले. त्यांची नोंद 'प्रशासनाशी असहकार' अशी झाली.

तोंडाने 'नाही' म्हणणारेही निघाले. पण तोंडाचं म्हणणं आणि मानेचं म्हणणं यांत फरक पडल्यास मानेचं ग्राह्य धरावं, कारण मान खोटं बोलत नाही, असा साहेबांनी खुलासा काढला.

शंभर टक्के सहमती झाली. बाहेरच्या तालुक्यांतली पथकं अभ्यासाला येऊ लागली. संघर्षला चार कार्यालयांची मागणी आली. त्यात अट घातली होती, की मान किमान अडीच इंच खाली गेली पाहिजे. नागसेनची नोटीस मागे घेण्यात आली आणि 'लोकाभिमुख वाहनचालक' म्हणून त्याला प्रमाणपत्र देण्यात आलं. ते घ्यायला तो उभा राहिला तेव्हा त्याला लाज वाटली. चहाचा ग्लास त्याने केव्हाच बंद केला होता.

आणि त्याच्या मानेला नाद लागला होता. सहा महिने दिवसाला शंभर हिसके खाल्लेली मान ती. टपरीवर बसलेला असताना रस्त्यावरून एखादी गाडी गिअर बदलत गेली, की आवाज उतरायच्या क्षणी त्याची मान आपोआप खाली जायची. टपरीवाला न विचारता दुसरा चहा आणून द्यायचा. नागसेन तो निमूट प्यायचा.

मग व्हायचं ते झालं. साहेबांनी फाइल काढली. "सोमवारी सावळदरा. तुमच्या ताईंना आपण सन्मानाने फिरवून आणू."

रविवारी नागसेन बहिणीकडे गेला. सुवर्णा भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती, समता शेजारी पाटीवर बेचा पाढा लिहीत होती.

"उद्या गाडीत बसली का मान दोन्ही हातानं धरून ठेवजो," तो म्हणाला.

"म्या कायले धरू? तू डब्या काढ ना."

"वहीत चढल्या त्या. आन् माही नोकरी दोन वर्षं राह्यली, सुवर्णा."

"समताचं शिक्षण चौदा वर्षं राह्यलं." ती शेंगा निवडतच होती. "पावसाळ्यात नाल्याले कंबरेवढं पानी राह्यते. सात वर्षांची पोरगी तथून जाईन काय? तू कोनत्या शाळेत शिकला रे दादा?"

तो तिथेच शिकला होता. त्याच दोन खोल्यांत. चौथीत असताना गुरुजींनी त्याला खुर्चीवर उभं करून अख्ख्या गावासमोर पेपर वाचायला लावला होता, आणि बाप खाली बसून रडला होता. नागसेनला एकदम स्वतःची इतकी चीड आली, की तो हातातला शेंगदाणा तोंडात न टाकता उठला.

सोमवारी सकाळी त्याने बॉनेट उघडलं. चार खटके. निळा दिवा विझला, लाल विझला. चोवीस वर्षांत विनापरवानगी केलेलं हे पहिलं काम. त्याला दहासुद्धा मिनिटं लागली नाहीत. डब्या गाडी पुसायच्या फडक्यात गुंडाळून त्याने डिक्कीत टाकल्या. मग टपरीवरून चहाचा ग्लास काठोकाठ भरून आणला आणि डॅशबोर्डवर ठेवला.

सावळदऱ्याहून सुवर्णा गाडीत बसली. हात मांडीवर, पाठ ताठ. शेजारी पुष्पाबाई वही उघडून तयार होत्या. साहेबांनी ग्लासाकडे पाहिलं. "आज चहा?"

"सहज, साहेब."

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. वीस, तीस, चाळीस. साहेबांनी घसा साफ केला. "शाळेच्या समायोजनाला गावाची संमती आहे, असं समजायचं का?"

इंजिनाचा आवाज किंचित उतरला आणि गाडीने तिसरा गिअर घेतला, लोण्यासारखा. चहावर साधी वळीही उमटली नाही.

"नाही," सुवर्णा म्हणाली. तिची मान जिथल्या तिथे होती. "लिहा बाई. नाही."

पुष्पाबाईंचा पेन हवेत थांबला. साहेब चक्रावले. त्यांनी वेग पाहिला, रस्ता पाहिला, आणि मग त्यांची नजर नागसेनवर गेली.

चहा हलला नव्हता. नागसेनची मान हलली होती. आवाज उतरला त्या क्षणी हनुवटी छातीला लागली आणि वर आली. चांगली अडीच इंच.

"नागसेन," साहेब मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही याच गावचे ना? याच शाळेत शिकलात?"

"हाव साहेब, पन..."

गाडीने चौथा गिअर घेतला. नागसेनची मान पुन्हा खाली गेली.

"दोनदा लिहू का?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"एकदा पुरे."

त्यांनी लिहिलं, 'गावातील ज्येष्ठ नागरिक व शाळेचे माजी विद्यार्थी श्री. नागसेन वानखडे यांनी गावाच्या वतीने मान डोलावून संमती दर्शवली.'

मागून सुवर्णाचा आवाज आला, बारीक. "दादा, डब्या तं काढल्या होत्या ना?"

"काढल्या होत्या," नागसेन म्हणाला. त्याला आरशात बघायचा धीर झाला नाही.

शाळा पुढच्या महिन्यात समायोजित झाली. समता नाला ओलांडून जाते. पावसाळ्यात जात नाही. नागसेनच्या चहाचा एक थेंब सांडत नाही. डब्या डिक्कीत फडक्यात पडल्या आहेत आणि वहीप्रमाणे त्या कार्यरत आहेत. साहेबांना त्या काढल्याचं केव्हाच समजलं, पण त्यांनी नागसेनला नोटीस दिली नाही. उलट बाकीच्या कार्यालयांना कळवलं, की पहिले सहा महिनेच डब्या लागतात, पुढे चालकाची मान पुरते.

आणि ही गोष्ट वाचताना तुम्ही मधेच एकदा 'खरं आहे, आपल्याकडे असंच चालतं' म्हणून मान डोलावलीत ना? पुष्पाबाईंनी ती संमती वेळेसकट लिहून घेतली आहे.