आभाराची पोच

रविवारी दुपारी जेवण आटोपून पोचकाका संगणकासमोर बसले. पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'आपण नियम मोडला आहे. पहिला इशारा.'

"काय हो, असे पांढरेफटक का पडलात?" काकूंनी विचारलं.

"माझ्या हातून गुन्हा झालाय," काका कसेबसे म्हणाले.

काका एका कचेरीत आवक-जावक कारकून होते. आलेल्या प्रत्येक पत्राला 'मिळाले' म्हणून पोच दिल्याशिवाय सव्वीस वर्षांत त्यांनी जेवणाचा डबा उघडला नव्हता. नाव पडलं ते त्यावरूनच. महिन्यापूर्वी साहेबांसमोर ते भलत्याच जोशात बोलून गेले, की पत्रं नोंदवायचा प्रोग्रॅम मी स्वतःच लिहितो. लिहिलाही, पण तो प्रत्येक पत्राला एकच नंबर देऊ लागला, आणि साहेब तो सोमवारी सकाळी बघणार होते.

शेवटी त्या रविवारी सकाळी काकांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या एका ऑनलाइन मंचावर भीत भीत प्रश्न टाकला. 'घुबड' नावाच्या कुणा भल्या माणसाने तासाभरात निम्मी चूक काढून दिली. आता नंबर पुढे सरकत होते, फक्त प्रोग्रॅम बंद करून उघडला की पुन्हा एकपासून सुरू होत. 'तेही बघून संध्याकाळपर्यंत कळवतो,' असं घुबडाने लिहिलं होतं.

काकांचा ऊर भरून आला. त्यांनी उत्तराच्या चौकटीत 'सप्रेम नमस्कार'पासून 'आपला कृपाभिलाषी'पर्यंत बावीस ओळींचं आभारपत्र लिहिलं. त्या चौकटीत काहीही लिहिलं की मंचाच्या चौदा हजार सदस्यांचे फोन वाजतात, हे नवख्या काकांच्या गावीही नव्हतं.

म्हणून हा इशारा. खाली 'चौकीदार' अशी सही होती, आणि 'इथे फक्त उत्तर लिहावे, आभार मानू नयेत' अशी समज. काकांनी सवयीप्रमाणे पोच दिली: 'आपला इशारा मिळाला. आभारी आहे.'

चौदा हजार फोन पुन्हा वाजले. दुसरा इशारा आला.

"अहो, आता माफी मागून मोकळे व्हा," काकू म्हणाल्या.

काकांनी लिहिलं: 'आभार मानल्याबद्दल क्षमस्व. चूक दाखवून दिल्याबद्दल आपला ऋणी आहे.'

'अंतिम इशारा. यापुढे एक अनावश्यक अक्षर लिहिल्यास खाते कायमचे बंद.'

काकांना दरदरून घाम फुटला. खातं बंद म्हणजे घुबडाचं उत्तर दिसणार नाही, आणि उद्या साहेबांसमोर अब्रू जाणार. त्यांनी कीबोर्ड उचलून कपाटावर ठेवला. पण पोच न दिलेला इशारा समोर लखलखत होता. काका खोलीत येरझारा घालू लागले. चहा निवला. सव्वीस वर्षांत असा बेशिस्तपणा त्यांनी केला नव्हता.

तीन तासांनी संगणक पुन्हा वाजला. काकांनी डोळे घट्ट मिटले.

"तूच वाच. बंद झालं ना?"

काकू वाचू लागल्या. "'अंतिम इशारा मिळाल्याची पोच आपण अद्याप दिलेली नाही. दहा मिनिटांत न दिल्यास खाते बंद होईल.' खाली चौकट दिलीय, 'पोच इथे लिहावी' म्हणून. अहो, ते स्वतःच मागतायत, द्या की!"

"सापळा असला तर?"

"कसला सापळा! नऊ मिनिटं राहिलीत. आठ."

काका स्टुलावर चढले, कीबोर्ड खाली काढला आणि जीव मुठीत धरून एकच शब्द लिहिला: 'मिळाला.' तो चारदा तपासला. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा काकूंनीच त्यांचं बोट धरून बटणावर दाबलं.

खातं उघडं राहिलं. या गडबडीत वर घुबडाच्या चार ओळीही येऊन पडल्या होत्या. काकांनी त्या प्रोग्रॅममध्ये घातल्या, तो बंद करून उघडला, आणि पुढच्या पत्राला पुढचाच नंबर पडला. काका मटकन खुर्चीत बसले. डोळ्यांत पाणी आलं, पण घुबडासाठी एक अक्षर लिहायची हिंमत त्यांना झाली नाही.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला, आणि त्याच क्षणी चौदा हजार सदस्यांचेही वाजले. मंचावर चौकीदाराने लिहिलं होतं:

'आपली पोच मिळाली. आभारी आहे.'