एका खुर्चीचा फरक

"या वेळी एकही जोडी चुकणार नाही!" मोताळ्याच्या वधू-वर मेळाव्यात निवृत्तीने माइकवरून जाहीर केले, आणि आपण इतके मोठ्याने बोललो याचीच त्याला लाज वाटली.

मुलींची यादी जुन्या संगणकावर एका संगणकी भाषेत होती, मुलांची नव्यावर दुसऱ्या. दोन्हींतले सारखे क्रमांक जोडणारा दुवा त्याने तीन आठवडे खपून घडवला होता. जोड्या वडीलधाऱ्यांनी सुचवल्या; निवृत्तीने एकच चोरटे काम केले. साखरखेर्ड्याच्या रुख्मिणीचे नाव मुलींत पहिले टाकले आणि मुलांत स्वतःचे! तिच्याशी बोलायची वाक्येही पाठ होती. त्यांत चंद्र दोनदा येत होता.

चिठ्ठ्या वाटल्या, मंडळी समोरासमोर बसली. निवृत्तीसमोरची खुर्ची मात्र रिकामी. बाजार उठलेल्या मैदानासारखी उदास! आणि शेजारी रुख्मिणी, यादीतल्या दुसऱ्या मुलासमोर, किसनरावासमोर, खळखळून हसत होती.

मग उजेड पडला. मुलींची भाषा एकपासून मोजत होती, मुलांची शून्यापासून! पहिला मुलगा शून्य क्रमांकाचा झाला, आणि शून्य क्रमांकाची मुलगी कुठून आणायची? मागचे सारे नवरदेव दुसऱ्याच्याच वधूसमोर बसले होते.

शेवटच्या टोकाहून गोजरबाई कडाडल्या, "काऊन हो! माह्या पोरीसमोर कोनीच नाही? नवरदेव काय शेंगा खायाले गेला?"

निवृत्तीने पुन्हा माइक धरला. "कृपया प्रत्येक वराने एक खुर्ची पुढे सरकावे."

कोणी हलेना!

"आमचं जमून राह्यलं," किसनराव गुरकावला, "तू काऊन मधात येऊन राह्यला बे?"

"मी तं मेलो तरी उठत नाही!" पंचावन्न वर्षांचे विधुर उकंडराव खुर्चीला घट्ट धरून म्हणाले.

रुख्मिणी लाजून बोलली, "राहू द्या ना, निवृत्तीभाऊ."

त्या 'भाऊ'ने दोन्ही चंद्र एकदम मावळले.

उरले दोघेच: निवृत्ती आणि गोजरबाईंची मुलगी. गोजरबाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळले. मुलीनेही हळूच मान वर केली. निवृत्तीच्या काळजात पुन्हा काहीतरी हलले.

"पोरगं तं बरं दिसते. काय करतं बाबू?"

"संगणकाचं काम."

"मंग आजचं हे काम कोनं केलं?"

खोटे बोलायची उत्तम संधी होती. पण निवृत्ती पडला सरळ. "मीच."

"ऊठ वं पोरी!" गोजरबाईंनी पिशवी उचलली. "याच्यासंगं लगन केलं तं वरात शेजाऱ्याच्या घरी जाईन!"