करंदीकरबाईंच्या भुताचा खोकला

आमच्या वारज्याच्या सोसायटीत गच्चीच्या दाराला तेल घालायला बंदी आहे. ठराव शालिनीताई करंदीकरांनी मांडला. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा दार करकरलेलं बरं, म्हणून आम्ही तो निमूटपणे मंजूर केला. अशी करकर म्हणे विकत मिळत नाही.

ताईंचं वय अडुसष्ट. त्या भुताच्या गोष्टी लिहितात, स्वतःच वाचतात आणि एक कंपनी त्या लोकांना मोबाइलवर ऐकवते. रेकॉर्डिंग बेडरूममधल्या कपाटात, साड्यांच्या मधे बसून. तिथे आवाज घुमत नाही. वेळ दुपारी एक ते चार. या वेळात पुण्यात जी शांतता असते ती स्मशानातही मिळायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी समोर राहतो आणि निवृत्त आहे, म्हणजे फुकटचा मदतनीस. गोष्टीत कोणाचं हाड मोडायचं असलं की मी माइकपाशी शेवग्याची कच्ची शेंग कडकन मोडायची. एका आठवड्यात तीन खून पडले आणि मी तीनदा शेंगांची आमटी खाल्ली. शेंग जरा आधी मोडली तर माझी खैर नाही. "अहो देवधर, भीती म्हणजे फोडणी. घाई केली की जळते," असं ऐकावं लागतं.

बाईंची भुतं मात्र एकजात सर्दीने बेजार. वाड्यातलं असो, विहिरीतलं असो, येण्याआधी दोनदा खोकणार. तोच खोकला, दर गोष्टीत. मी एकदा म्हणालो, निदान हडळीला तरी पुरुषाचा खोकला नको. ताईंनी मला आठवडाभर आमटी दिली नाही.

शेवटी ऐकणाऱ्यांनीच तक्रारी केल्या. कंपनीतली एक मुलगी घरी आली. बिचारी अदबीने बोलत होती, पण बोलली ते स्पष्ट. "काकू, एव्हरी एपिसोड सेम खोकला येतोय. चेंज करा ना, नाहीतर सिरीज बंद करतील." ताईंनी तिला लाडू दिला आणि विचार करते म्हणून सांगितलं.

या मालिकेवर ताईंचा किती जीव, ते मी रोज बघत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मीच गेलो आणि म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना, मी नवा खोकून देतो. कपाटात शिरलो. पैठणी आणि इरकलीच्या मधे बसून चांगला पाच प्रकारे खोकलो. ताईंनी सगळं शांतपणे ऐकलं.

"छान खोकता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि जुनं काहीतरी लावलं.

ताईंचाच आवाज होता, भरात आलेला. "आणि तेवढ्यात दाराबाहेर..." मग तो खोकला, दोनदा. लगेच ताई कडाडल्या, "अहो, रेकॉर्डिंग चालू आहे ना! सगळं पहिल्यापासून करायला लावता!" एक पुरुषी आवाज ओशाळून म्हणाला, "बरं बरं. चहा टाकू का तुला?" "नको!" आणि बटण बंद झाल्याचा आवाज.

हे अण्णा, ताईंचे यजमान. मी इथे राहायला यायच्या आधीच ते गेले. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं आणि वर्षभर त्यांच्या खोकल्याची टवाळी करत होतो. मला भडभडून आलं. हेडफोन काढून ठेवला.

"हे रेकॉर्डिंग फुकट गेलं म्हणून दिवसभर अबोला धरला होता मी," ताई म्हणाल्या. "त्यानंतर चार दिवसांनी गेले. कंपनीला सकाळीच फोन केला. म्हटलं, बंद करा तुमची मालिका."

"अहो ताई, पण..."

"दर गोष्टीत त्यांना दारापर्यंत आणते, देवधर. वाटतं, एकदा तरी परत चहाचं विचारतील. आता हो म्हणायचंय मला."