गरमखोलीतली रंगीत तालीम

"मोठ्या बाई, सहलीला शाळेचा कोट न घालता आलं तर चालेल का?"

हा प्रश्न मी सगळी शाळा मैदानात रांगेत उभी असताना, हात वर करून, खणखणीत आवाजात विचारला! जिराफ आणि चष्मिष या माझ्या दोन मैत्रिणी. माझी हिंमतच होणार नाही, अशी त्यांनी पैज लावली होती. गेल्या वर्षी त्या जिंकल्याही असत्या. तेव्हा मी हजेरीलासुद्धा उंदरासारखी चीं चीं करायचे. पण यंदा वक्तृत्वात मी दुसरी आले (स्पर्धक तीन होते, ते असो!) आणि तेव्हापासून माझा आवाज खाली यायला तयारच नाही.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "चालेल. मग कपड्यांची यादी तू कर. चाळीस जणांची. उद्या सकाळी माझ्या टेबलावर. पटली तर ठीक, नाहीतर सगळे लोकरी कोट, टाय आणि गुडघ्यापर्यंत मोजे!"

सहलीला येणाऱ्या चाळीस माना गर्रकन माझ्याकडे वळल्या. सहल समुद्रकाठी होती, जिथे म्हणे रस्त्यावरचं डांबर पाघळतं. तिथे लोकरी कोटात आम्ही म्हणजे चाळीस उकडलेले बटाटे!

घरी आईने तिसरंच काढलं. तिने सहलीसाठी खास हिरवा स्वेटर विणून ठेवला होता.

"हा नेणार असशील तरच जायचं."

"आई, तिथला वारासुद्धा घामाघूम असतो गं!"

"मग बस घरी. तिथे आजारी पडलीस तर मी नाही धावत यायची!"

बाबांकडे पाहिलं, तर ते म्हणाले, "माझे पाव जळतायत," आणि पसार झाले.

म्हणजे शाळेत कोट, घरात स्वेटर! पण मी डगमगले नाही. मी प्रत्येक गोष्ट शास्त्रीय पद्धतीने करते. आमच्या घराखाली बाबांची बेकरी आहे आणि तिच्या मागच्या बाजूला आहे गरमखोली. पावाचं मळलेलं पीठ तिथे फुगायला ठेवतात. आमच्या गारठलेल्या गावात समुद्रकाठची दमट हवा आणखी कुठे मिळणार? तिथे अर्धा तास जे कपडे टिकतील, ते यादीत!

बाबा पुढे ओव्हनशी गुंतलेले पाहून आम्ही तिघी आत शिरलो. मी बिनबाह्यांचा फ्रॉक घातला होता, जिराफने नायलॉनचा शर्ट, चष्मिषने जीन्स. वर उन्हाच्या टोप्या आणि काळे गॉगल. अंगणाच्या दाराखालच्या फटीतून गार वारा येत होता, म्हणून तिथे मी आईचा स्वेटर कोंबला. शेवटी उपयोगाला आला की नाही!

"एवढंच गरम?" चष्मिष म्हणाली. "माझ्या मावशीच्या माजघरात याहून उकडतं."

हे मला लागलं. मी भिंतीवरचं उष्णतेचं बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलं.

दहा मिनिटांत नायलॉन जिराफच्या पाठीला तिकिटासारखं चिकटलं. चष्मिष ओरडली, "माझे पाय वाफवले जातायत!" मी उत्साहाने वहीत लिहीत होते: 'नायलॉन बाद. जीन्स बाद.' वही भिजून शाई पसरली, तरी लिहीतच होते.

"ए," जिराफ हळूच म्हणाली, "तो ट्रे हलतोय."

ट्रे नव्हता हलत. पीठ हलत होतं! शंभर पावांचं पीठ जाड्या मांजरासारखं आळस देत ट्रेबाहेर आलं, खालच्या ट्रेवर सांडलं आणि ते दोघं मिळून जमिनीवर! मी दोन्ही हातांनी आत ढकलायला गेले. हात आत गेले, पीठ बाहेरच राहिलं. जिराफची टोपी गडप झाली!

"पळा!"

आम्ही अंगणाचं दार ढकललं आणि घोटाभर बर्फात जाऊन उभ्या राहिलो. गॉगल लावलेल्या, घामाने निथळणाऱ्या, कोपरापर्यंत पीठ! पाव विकायची खिडकी अंगणातच, त्यामुळे समोर रांग लागली होती. रांगेत पहिल्या होत्या मोठ्या बाई.

"ही का तुमची यादी?"

"ब-ब-बाई," माझे दात टायपिंग करत होते, "ही त-त-तालीम आहे."

"अस्सं. बस कुठून सुटणार आहे?"

"श-शाळेपासून."

"किती वाजता?"

"पहाटे स-सहाला."

बाईंनी माझ्या बिनबाह्यांच्या फ्रॉककडे पाहिलं आणि मग पायाखालच्या बर्फाकडे. तेवढं पुरेसं होतं! माझ्या यादीत उन्हाच्या टोप्या होत्या, पाय भाजू न देणाऱ्या चपला होत्या. पण मुळात आम्ही निघणार याच गावातून, हे मी साफ विसरले होते.

"सकाळपर्यंत वेळ आहे तुला," एवढं म्हणून त्यांनी पावाची वाट पाहायला सुरुवात केली. बिचाऱ्या!

बाबा धावत आले. त्यांनी ट्रे पाहिले, मला पाहिलं आणि मोठा श्वास घेतला. मग दाराशेजारच्या खिळ्यावरचा आपला स्वेटर काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि रांगेला सांगितलं, "तासभर थांबावं लागेल, मंडळी!"

पीठ खरवडता खरवडता मी बाबांकडे पाहत होते. ओव्हनपाशी ते सैल, सुती, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात. अंगणात जाताना खिळ्यावरचा स्वेटर चढवायचा, आत येताना परत खिळ्याला. अहो, हा माणूस दिवसातून वीस वेळा गरम मुलखात जाऊन येतो! आणि मी शास्त्र करत बसले होते!

यादी पाच मिनिटांत झाली. आत सैल सुती, वर पटकन काढता येईल असं एक लोकरीचं. संध्याकाळीच बाईंच्या घरी नेऊन दिली. त्यांनी दोनदा वाचली आणि खाली सही ठोकली!

घरी आले तेव्हा आई-बाबा जेवायला बसले होते. मी वक्तृत्वाच्या आवाजात सांगितलं, "आई, बाबा, मी निर्णय घेतलाय. मी सहलीला आईचा स्वेटर नेणार!"

आईचा चेहरा असा काही फुलला! "शहाणी गं माझी बाय! आण बघू, घालून दाखव."

"आणखी एक निर्णय घेतलाय," मी जरा हळू म्हणाले. "आधी तो पिठातून सोडवणारही मीच!"