पागेकाकांचे पाठमोरे फोटो

आमच्या देवासच्या कॉलनीत लग्नाचे फोटो पागेकाका फुकट काढून देत, आणि त्यांत झाडून सगळे पाठमोरे असत. माझ्या ताईच्या लग्नात त्यांनी नवऱ्याच्या फेट्याचा शेमला आणि भटजींचं टक्कल तेवढं टिपलं. आई महिनाभर धुसफुसत होती.

काका कारखान्यात फिटर. डिजिटल कॅमेरे आले तसा त्यांनीही एक घेतला आणि फोटो इंटरनेटवर टाकायला लागले. एके दिवशी परदेशातल्या कंपनीचा ईमेल आला: तुमचे फोटो छापायचा परवाना द्या, पैसे देऊ. धामनोदच्या ढाब्यावरचा चहाचा ग्लास विकला गेला आणि काका हवेत तरंगायला लागले. अट एकच होती. फोटोत चेहरा दिसला, तर त्या माणसाची लेखी संमती हवी.

काका फॉर्म घेऊन टोंकखुर्दला गेले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा झकास फोटो काढला आणि कागद पुढे करून म्हणाले, "दादा, जरा इसको सही कर दो." हिंदीत 'सही' म्हणजे ठीकठाक, हे तीस वर्षं माळव्यात काढूनही त्यांच्या ध्यानात आलं नाही. म्हाताऱ्याने कागदाच्या चुण्या मांडीवर नीट सारख्या केल्या आणि परत दिला. "लो भिया, कर दियो सही."

तेव्हापासून काकांनी चेहऱ्यांचा नादच सोडला. "चेहरा आला की कटकट आली," म्हणायचे. कुठला फोटो विकला जाईल याचा नेम नाही, म्हणून लग्नातही तोच नियम.

"अहो, माझा एकदा तरी समोरून काढा की," काकू म्हणायच्या.

"तू पाठमोरीच छान दिसतेस!"

आम्ही सगळे हसायचो. बाग गावच्या ठसेछपाईची साडी नेसून काकू गच्चीवर कपडे वाळत घालताहेत, हा त्यांचा सगळ्यात जास्त खपलेला फोटो.

काकू अचानक गेल्या. मी भेटायला गेलो, तेव्हा काका कॉम्प्युटरसमोर बसले होते.

"तुझ्याकडे तिचा समोरून एखादा असेल का रे? तेराव्याला ठेवायला. लग्नातला आहे, पण त्यात ती अठराची. कोण ओळखणार?"

माझ्याकडे नव्हता. फोटो म्हटलं की सगळी कॉलनी काकांनाच बोलवायची. आपण तेव्हा हसलो याची मला लाज वाटली. अजून वाटते.

"एवढ्या फोटोंत एकही नाही?" मी विचारलं.

"मागे मी उभा आहे हे कळलं की ती वळायची रे," काका म्हणाले. "दर वेळी. हसायची. फोटो बिघडला म्हणून मी तो पुसून टाकायचो."